परवानगी कोणाकडे मागत होतात?

ऐरोलीतील एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यवाहांनी विचारले आहे की, परिसरातील महाविद्यालयीन मुलांना बरोबर घेऊन ‘स्वातंत्र्य : तीन पिढ्यांच्या नजरेतून’ असे छायाचित्र-प्रदर्शन ऑगस्टमध्ये भरवायचे आहे, समाजमंदिराची खोली मिळाली आहे, पैसे बेताचे आहेत, दोनशेच्या आसपास छायाचित्रे सहज जमतील असा अंदाज आहे, तर सुरुवात कोठून करावी आणि काय टाळावे? गेली सव्वीस वर्षे मी ठाणे आणि नवी मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय करीत आहे आणि वस्त्यांतून, शाळांतून, गावठाणांतून अशी सहा प्रदर्शने लोकांच्या हातून करवून घेतली आहेत. त्यांपैकी दोन साफ फसली. पुढे जे लिहिले आहे त्यातील बराचसा भाग त्या दोन फसलेल्या प्रदर्शनांनी शिकवलेला आहे.

पहिल्या वेळी आम्ही पत्रक काढले : ‘स्वातंत्र्य म्हणजे काय, ते छायाचित्रातून दाखवा.’ आलेल्या छायाचित्रांपैकी निम्म्याहून अधिक तिरंग्याची होती. उरलेल्यांत पक्षी होते, पिंजऱ्याची उघडी दारे होती आणि येऊरच्या टेकडीवर किंवा खाडीकाठी मावळत्या सूर्यासमोर हात पसरून उडी मारणारी मुले होती. काही छायाचित्रे तंत्राच्या दृष्टीने उत्तम होती, पण त्यांच्याखालची नावे अदलाबदल केली असती तरी कोणाच्या लक्षात आले नसते. सत्तर वर्षांच्या गृहस्थांनी काढलेला पक्षी आणि सतरा वर्षांच्या मुलीने काढलेला पक्षी यांत काहीच फरक नव्हता. पिढ्यांचे प्रदर्शन भरवायचे आणि पिढीच दिसू नये, असा तो प्रकार झाला.

दोष लोकांचा नव्हता, प्रश्नाचा होता. स्वातंत्र्य हा शब्द ऐकला की माणूस स्वतःचे आयुष्य बाजूला ठेवतो आणि भाषणाच्या तयारीला लागतो. म्हणून विषय तोच ठेवावा, पत्रकावरही तोच छापावा, परंतु घरोघरी जाल तेव्हा तो शब्द उच्चारू नये. त्याऐवजी असे विचारावे : पंधरा ते पंचवीस या वयात कोणती गोष्ट करायची तर आपल्याला परवानगी लागत असे, ती कोणाकडे मागावी लागे आणि न विचारता ती पहिल्यांदा केव्हा केलीत? हा प्रश्न सर्व वयांच्या माणसांना सारखाच लागू पडतो आणि त्याचे उत्तर नेहमी एखाद्या जागेकडे, वस्तूकडे किंवा माणसाकडे बोट दाखवते, म्हणजेच ज्याचे छायाचित्र घेता येते किंवा जुन्या अल्बममध्ये शोधता येते अशा गोष्टीकडे. बँकेचे स्वतःच्या नावाचे पहिले पासबुक, ठाण्याच्या बाजारात एकटीने केलेली फेरी, कंपनीच्या गेटवरचा पास, वसतिगृहाच्या वहीतील रात्री दहाची नोंद, सासऱ्यांसमोर पहिल्यांदा घातलेला पंजाबी ड्रेस. परवानगी देणाराही पिढीगणिक बदलत जातो : कधी सासू, कधी मिठागराचा मुकादम, कधी फोरमन, कधी सिडकोचे (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचे) कार्यालय, आणि आता पुष्कळ मुलींच्या बाबतीत फोनमध्ये चालू ठेवलेले लोकेशन.

या शेवटच्या मुद्द्याने आमच्या दुसऱ्या प्रदर्शनाचा आराखडाच मोडला, आणि बरे झाले. आम्ही गृहीत धरले होते की आजी बंधनात, आई अर्धी मोकळी आणि नात पूर्ण मोकळी, अशी चढती पायऱ्यांची रांग भिंतीवर लागेल. प्रत्यक्षात खाडीकाठच्या एका गावठाणातील आजींनी सांगितले की, ओहोटी लागली की त्या आणि त्यांच्या मैत्रिणी टोपल्या घेऊन चिखलात उतरत, निवट्या आणि कालवे गोळा करीत, आणि भरती येईपर्यंत त्या कोठे आहेत हे घरात कोणालाही ठाऊक नसे, कोणी विचारीतही नसे. त्यांची नात एका आयटी पार्कमध्ये नोकरी करते, स्वतःचा पगार स्वतः खर्च करते, पण स्थानकावर उतरल्यावर, रिक्षात बसल्यावर आणि घराच्या फाटकाशी पोहोचल्यावर असा तीनदा घरच्या ग्रुपवर निरोप टाकते. आजींना स्वतःचे लग्न ठरवताना कोणी विचारले नव्हते. नातीने स्वतःचे लग्न स्वतः लांबणीवर टाकले आहे. या दोघींपैकी अधिक मोकळी कोण, याचा निकाल आम्ही लावला नाही. खाडीतील चिखलाचे छायाचित्र आणि फोनच्या पडद्याचे छायाचित्र शेजारी शेजारी लावले आणि त्यांच्यासमोर जितकी माणसे थांबली तितकी संपूर्ण प्रदर्शनात दुसऱ्या कोठेही थांबली नाहीत. म्हणून आग्रहाने सांगतो : तीन भिंती तीन पिढ्यांना वाटून देऊ नयेत. प्रत्येकाने आपापल्या वयाच्या भिंतीकडे जाऊन माना डोलवाव्यात, एवढेच त्यातून साधते. जोड्या लावाव्यात, आणि जोडी एकाच घरातील असेल तर उत्तमच.

पिढ्या कशा मोजाव्यात हेही आधी ठरवून घ्यावे. १९४७ साली जो दहा वर्षांचा होता तो आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. म्हणजे त्या दिवसाची स्वतःची आठवण असलेली माणसे आपल्याला एखाददुसरीच भेटतील, आणि जी भेटतील त्यांना शाळेत वाटलेली मिठाई आठवेल. त्या काळची छायाचित्रे तर घरांतून जवळजवळ नसतातच. दिल्लीतील सोहळे टिपायला होमाई व्यारावाला यांच्यासारख्या व्यावसायिक छायाचित्रकार होत्या, परंतु खाडीकाठच्या घरात कॅमेरा कोठून येणार? साधारणपणे साठ-सत्तरच्या दशकांत आगफा क्लिक थ्रीसारखे स्वस्त पेटी कॅमेरे मध्यमवर्गात आले तेव्हापासून घरगुती छायाचित्रे मिळू लागतात. एका रोलवर बाराच चौकोनी चित्रे निघत, त्यामुळे प्रत्येक चित्र जपून काढलेले असे. त्याआधीचे जे मिळेल ते स्टुडिओतील, पडद्यासमोर ताठ उभे राहून काढलेले असेल.

त्यामुळे सगळ्यांचे घड्याळ १५ ऑगस्टला लावण्याचा हट्ट सोडावा आणि प्रत्येकाला त्याची स्वतःची तारीख विचारावी. भटक्या-विमुक्त समाजातील कुटुंब आपल्या परिसरात असेल तर ते कदाचित ३१ ऑगस्ट १९५२ सांगेल, कारण काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजी अमदानीतील गुन्हेगार जमातींचा कायदा त्या दिवशी रद्द झाला, देश स्वतंत्र झाल्यानंतर पाच वर्षांनी. ठाण्याच्या कोपरीत किंवा उल्हासनगरात नातेवाईक असलेल्या सिंधी कुटुंबासाठी ऑगस्ट १९४७ हा घर सुटल्याचा महिना आहे. निर्वासितांच्या कल्याण कॅम्पला उल्हासनगर हे नाव मिळाले तेच मुळी १९४९ साली. मतदानाचे वय एकविसावरून अठरावर आले ते १९८९ मध्ये, त्यामुळे आज पन्नाशीत असलेली काही मंडळी आपल्या थोरल्या भावंडांपेक्षा तीन वर्षे लवकर मतदार झाली. हा तपशील क्षुल्लक वाटतो, पण एका काकांनी त्यावर अर्धा तास उत्साहाने सांगितले होते.

आपल्या भागात मात्र एक तारीख सोडून चालणार नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातील ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर आखले गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्तांचा लढा उभा राहिला, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले, आणि साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण त्या लढ्यातून आले. ऐरोली, दिवे, रबाळे येथील गावठाणांतील साठीच्या माणसाला मोकळेपणाने बोलते केलेत तर तो या लढ्याशीच येऊन थांबेल, ही माझी खात्री आहे. आपल्या संघात सेक्टरमधील, म्हणजे गावठाणांबाहेरच्या नव्या वसाहतींतील, सभासद अधिक असावेत असा माझा अंदाज आहे, आणि म्हणूनच हे ठळकपणे लिहितो : ज्यांना परळ-लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतून येथे स्वतःच्या दाराचे घर मिळाले, त्यांचे स्वातंत्र्य आणि ज्यांच्या भातशेतीवर ते घर उभे राहिले, त्यांचे स्वातंत्र्य एकाच खोलीत टांगले जाणार आहे. प्रदर्शन त्याला घाबरले तर ते शोभेचे होईल.

याच धाग्याचे एक टोक आणखी नाजूक आहे. जमिनीच्या मोबदल्याच्या वेळी अनेक घरांतून बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या किंवा अंगठे घेतले गेले. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, तरी त्यानंतरही हे चालू राहिले. आमच्याकडे एक जोडी अशी आली होती : भावाचे मोर्चातील छायाचित्र, जुने, कडा दुमडलेले, आणि बहिणीच्या अंगठ्याचे नवे छायाचित्र, अगदी जवळून घेतलेले. चित्राखालची ओळ तिची, आगरी बोलीतली, होती : ‘मना कोनी इचारलाच नाय.’ आम्ही ती जोडी लावली, परंतु त्याआधी दोघांशी वेगवेगळे बोललो, आणि भावाला ओळ वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग ‘लावा’ म्हणाला. त्याने नाही म्हटले असते तर आम्ही लावली नसती. छायाचित्राखातर घर मोडणे हे आपले काम नाही.

येथेच संमतीचा विषय येतो. छापील फॉर्म साध्या मराठीत असावा आणि त्यात तीन गोष्टींना वेगवेगळी संमती मागावी : खोलीत लावणे, वर्तमानपत्राला देणे आणि इंटरनेटवर टाकणे. पहिल्या गोष्टीला हो म्हणणारी निम्मी माणसे तिसरीला नाही म्हणतात. उद्घाटनाच्या आदल्या रात्रीपर्यंत कोणालाही आपले चित्र मागे घेता यावे, आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची सही घ्यावी. अनुभव असा की, आजींच्या फॉर्मवर सही करायला मुलगा पुढे सरसावतो आणि ‘तिचे मीच बघतो’ असे म्हणतो. त्या क्षणी स्वयंसेवकाने हसून, पण ठामपणे, पेन आजींच्याच हातात द्यावे. स्वातंत्र्याच्या प्रदर्शनाला आजींची परवानगी मुलाने द्यावी, याहून मोठी थट्टा ती कोणती?

स्वामित्वहक्काबद्दल थोडक्यात : १९५७ च्या कायद्यानुसार पैसे देऊन स्टुडिओत काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो, त्यामुळे घरगुती अल्बमबाबत सहसा अडचण येत नाही. वर्तमानपत्रातील कात्रणे मोठी करून लावणे मात्र टाळावे. १९८४ ची छायाचित्रे कोणाकडे कात्रणांच्या रूपात असतील तर ते कात्रण जसेच्या तसे, त्या माणसाच्या हातात धरलेले, असे नवे छायाचित्र घ्यावे. ते बहुधा मूळ चित्रापेक्षा अधिक बोलते.

जुनी छायाचित्रे घराबाहेर नेण्याऐवजी स्कॅनर घरी न्यावा. लहान फ्लॅटबेड स्कॅनर पिशवीत मावतो. ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केलेले चित्र दुप्पट आकारात ३०० डीपीआयने छापता येते, आणि माझ्या मते दुपटीपलीकडे जाऊच नये. पाकिटात ठेवलेला छोटा फोटो पोस्टरएवढा केला की त्याचा जीव जातो. मोठ्या कागदावर मध्यभागी, भरपूर पांढरी जागा सोडून तो लहानच छापावा म्हणजे बघणारा आपोआप जवळ येतो. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, आपल्याकडच्या पावसाळ्यात हे फार घरांत झालेले असते. काचेसकटच, बाजूने प्रकाश घेऊन, त्याचे छायाचित्र काढावे. प्रत्येक चित्राची मागची बाजूही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, शाईने लिहिलेली तारीख, ‘चि. सौ. कां.’ असे लिहून पुढे खोडलेले काहीतरी, अशा गोष्टी तेथे सापडतात. डाग आणि घड्या संगणकावर पुसू नयेत, आणि हल्ली जुन्या चित्रांत आपोआप रंग भरून देणारी जी साधने निघाली आहेत त्यांच्यापासून मुलांना दूर ठेवावे. आजींचे लुगडे कोणत्या रंगाचे होते हे त्या यंत्राला माहीत नसते, आणि आजींना माहीत असते.

ज्यांचे तरुणपणीचे एकही छायाचित्र नाही अशा स्त्रिया आपल्याला निश्चित भेटतील. त्यांना वगळू नये. आम्ही त्यांच्या जागी रिकामी चौकट लावली, तिच्याखाली त्यांची गोष्ट आणि शेजारी त्यांचे आजचे छायाचित्र, जे त्यांच्या नातवंडाने काढले. कोठे बसायचे, काय नेसायचे, हातात काय धरायचे, हे त्यांनी ठरवले. चीनच्या युनान प्रांतात १९९० च्या दशकात कॅरोलाइन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी खेड्यांतील स्त्रियांच्याच हाती कॅमेरे देऊन त्यांच्या छायाचित्रांवर त्यांच्याशी चर्चा केल्या. त्या पद्धतीचा गाभा हाच, की चित्र कशाचे आणि ते काय सांगते हे चित्रातील माणसाने ठरवावे. आपल्या मुलांना एवढे समजले तरी तंत्राच्या वर्गाची फारशी गरज उरत नाही.

मुलांच्या फोनवरील चित्रांबाबत एकच कडक नियम : व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली प्रत स्वीकारू नये. तेथे चित्राची लांब बाजू साधारण दीड हजार पिक्सेलपर्यंत आक्रसते आणि १२ बाय १८ इंचांत छापल्यावर ते विरघळल्यासारखे दिसते. तेच चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवावे किंवा पेनड्राइव्हवर आणावे. १२ मेगापिक्सेलचे मूळ चित्र या आकाराला पुरेसे आहे. प्रत्येकाने तीनच चित्रे द्यावीत, आणि निवडताना समोरच्या पिढीतील जोडीदार बरोबर बसलेला असावा.

आता दोनशे चित्रांच्या अपेक्षेबद्दल. एक उभे आणि एक आडवे असे १२ बाय १८ चे दोन प्रिंट, त्यांच्यात अर्धा फूट आणि पुढील जोडीपर्यंत दोन फूट मोकळी जागा, असा हिशोब केला तर एका जोडीला पाच फूट भिंत लागते. समाजमंदिराच्या खोलीत खिडक्या, दारे आणि कपाटे वजा जाता साठ फूट भिंत मिळाली तर बारा जोड्या बसतात. बाराच लावाव्यात. उरलेली सगळी चित्रे वहीसारख्या अल्बममध्ये घालून टेबलावर ठेवावीत म्हणजे कोणी दुखावले जात नाही. प्रिंट पाच मिलिमीटरच्या सनबोर्डवर (फोमच्या हलक्या, ताठ फळीवर) चिकटवून घ्यावेत आणि वर मॅट लॅमिनेशन घ्यावे. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची रेघ उमटते आणि ज्येष्ठांना चित्राऐवजी तीच दिसते. ऑगस्टच्या दमट हवेत नुसता कागद दोन दिवसांत वळतो. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे साडेचार फुटांवर ठेवावा, नेहमीच्या दालनांपेक्षा किंचित खाली, कारण आपल्याकडे खुर्चीत बसून बघणारे आणि कडेवर नसलेली लहान मुले दोन्ही येणार आहेत. मजकूर किमान चोवीस पॉइंटचा असावा. ओलसर बाहेरच्या भिंतीवर दुहेरी टेप टिकत नाही; त्या भिंतीसाठी मंडपवाल्याकडून लाकडी चौकटी भाड्याने आणाव्यात.

चित्राखालच्या ओळी संघातील शुद्धलेखनाची आवड असलेल्या सभासदांकडून ‘सुधारून’ घेण्याचा मोह होईल. तो आवरावा. वर दिलेली आगरी ओळ ‘मला कोणी विचारलेच नाही’ अशी लिहिली असती तर ती कोणाचीच राहिली नसती. बोलणे रेकॉर्ड करावे, त्यातील चाळीस-पन्नास शब्द जसेच्या तसे उतरवावेत आणि ज्याचे त्याला वाचून दाखवावेत. माणूस बोलला नसेल असा एकही शब्द त्यात नसावा, विशेषतः ‘स्वातंत्र्य’ हा.

सजावटीबद्दल एक सूचना, कारण तारीख १५ ऑगस्टच्या आसपासची आहे. भारतीय ध्वजसंहिता, २००२ नुसार राष्ट्रध्वजाचा उपयोग तोरण, पताका किंवा सजावटीसाठी करता येत नाही. त्यामुळे चौकटींवर तिरंगी कापड गुंडाळणे, टेबलावर ते अंथरणे किंवा फलकावरचा पडदा म्हणून ते वापरणे टाळावे. ध्वजवंदन करायचे तर ते अंगणात, रीतसर करावे.

उद्घाटनाला पाहुणे बोलवायचे की नाही हे आपण ठरवावे. मी बोलावत नाही, कारण मग वर्तमानपत्रात पाहुण्यांचे छायाचित्र येते. ज्यांची चित्रे आहेत त्यांना मात्र सर्वसामान्यांसाठी दार उघडण्यापूर्वी तासभर आधी, घरच्यांसह, चहाला बोलवावे, आणि स्वयंसेवकांनी त्या तासात खोलीबाहेर थांबावे.

प्रदर्शन उतरवल्यावर प्रिंट त्या त्या घरी द्यावेत, जोडीतील दोघांनाही दोन्ही चित्रांची प्रत मिळावी. मूळ फोटो शक्यतो घराबाहेर न्यायचेच नाहीत, पण काही घरांत वीज किंवा टेबलाची सोय नसते आणि ते न्यावे लागतात. अशा वेळी वहीत मोजून नोंद करावी आणि सही घेऊन परत करावेत. मागच्या वेळी एका आजींनी पाकीट उघडून फोटो आमच्यासमोर मोजले, तर अकरा भरले, वहीत बारा होते. बारावा रात्री साडेदहाला माझ्या स्कॅनरच्या काचेवर, झाकणाखाली सापडला आणि त्याच रात्री नेऊन दिला, कारण आजी झोपल्या नव्हत्या. शेवटचे चित्र झाल्यावर झाकण उघडून काच पाहण्याची सवय मुलांना पहिल्याच दिवशी लावून द्यावी.